पाटीवरची विधवा

पुणे,
११ सप्टेंबर २०१७

प्रिय बबिता,

तुझा फोन लागत नाही, आणि लागला तरी तू तांड्यामागच्या टेकडीवर उभी असतेस. अर्धं बोलणं वाऱ्यातच जातं. म्हणून आपली जुनी पद्धत. यवतमाळच्या शाळेतून तू आर्णीकडे परत गेलीस तेव्हापासून आपण एकमेकींना लिहितोय, तर ही बातमीही कागदावरच द्यावी असं वाटलं.

फेब्रुवारीत माझं एकटीचं प्रदर्शन आहे. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांशेजारी कोपऱ्यात माझं एखादं लागायचं, आता पूर्ण दालन माझं. पुण्यात दीड महिना आणि तेवढेच दिवस इंटरनेटवर. कोणीही, कुठूनही बघेल. गॅलरीचा साकेत म्हणून तरुण मुलगा सगळं बघतोय. तो हुशार आहे, फक्त बोलतो फार.

विषय कापूस. आकार नाहीत, माणसं नाहीत, तुला माझी चित्रं माहीतच आहेत. या वेळी कॅनव्हास नको आहे. कापूस वेचताना तुम्ही बाया कमरेला जे फडकं बांधता ना, त्यावर रंगवायचंय. वेचणी झाली की पाच-सहा जुनी फडकी पाठवशील? जशी असतील तशी दे. डागांसकट.

तुझी,
भैरवी


यवतमाळ, दवाखाना,
२१ सप्टेंबर २०१७

प्रिय भैरवी,

तुझं पत्र पोस्टमनने अंगणवाडीत दिलं आणि मी ते पिशवीत घालून इथे आणलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय.

इंद्रजीत आत आहे. (सासूबाईंपुढे मी नवऱ्याचं नाव घेत नाही. कागदावर घेते, इथे कोण ऐकतंय.) या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. हात वर करून औषध मारायचं आणि ते आपल्याच तोंडावर पडायचं. तीन दिवस सलग फवारणी केली. तिसऱ्या दिवशी पंप पाठीवर असतानाच शेताच्या धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मले दिसून नाही राह्यलं." ऑटो करून आर्णी, तिथून यवतमाळ. अशी माणसं इथे रोज येताहेत. डॉक्टर म्हणतात, आताच काही सांगता येणार नाही.

मी हे तुला का लिहितेय ते माहीत नाही. बाजूला कोणी बोलायला नाही म्हणून असेल. फडक्यांचं नंतर बघू.

बबिता


तांडा, ता. आर्णी,
१२ ऑक्टोबर २०१७

प्रिय भैरवी,

तुझं उत्तर आलं नाही. प्रदर्शनाच्या गडबडीत असशील.

इंद्रजीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आला. डोळ्यांना उजेड सहन होत नाही म्हणून काळा चष्मा लावून बाजेवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रागावतो. मी म्हटलं, चला, माणूस शाबूत आहे. सासूबाई रोज त्याच्या समोर बसून विचारतात, बोटं किती. तो मुद्दाम चुकीचं सांगतो आणि त्या रडायला लागल्या की हसतो. असा आचरट माणूस आहे.

तुझी आई, कुंदाकाकू, यवतमाळच्या घरून दोनदा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. तिला म्हणावं, तिच्या हातचं वरण इंद्रजीतने पहिल्यांदा मागून खाल्लं.

फवारणी त्याने सोडली. या वर्षी बोंडअळीने अर्धं पीक तसंच खाल्लंय, मारून तरी काय मिळणार होतं. वेचणी झाली की तुझी फडकी पाठवते.

बबिता


पुणे,
२ नोव्हेंबर २०१७

प्रिय बबिता,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. तुझे मिस्टर घरी आले हे वाचून बरं वाटलं. तब्येतीला जपायला सांग.

इकडे काम जोरात आहे. तुझं दवाखान्यातलं पत्र आलं त्या रात्रीच मी एक मोठं चित्र सुरू केलं. ते सगळ्या प्रदर्शनाचा कणा होईल असं साकेत म्हणतो. फडकी त्यातही जोडायची आहेत, त्यांची वाट बघतेय. पुन्हा सांगते, जशी आहेत तशी.

भैरवी


तांडा, ता. आर्णी,
३० डिसेंबर २०१७

प्रिय भैरवी,

सहा फडकी पार्सलने पाठवलीत. त्यातली दोन माझी, तीन सासूबाईंची आणि एक जावेचं.

तू "जशी असतील तशी" लिहिलं होतंस. ते वाचून मी हसले. पाहुणा म्हणतो, असेल ते वाढा, म्हणून कोणी शिळं वाढतं का? त्यातून ही पुण्याला जाणार, लोकांसमोर लागणार. मी चांगली सोड्यात उकळली, दोनदा साबण लावला, नीळ घातली आणि अंगणवाडीच्या तारेवर वाळवली. एक डाग शोधून सापडायचा नाही.

फाटलं होतं तिथे सासूबाईंनी आपला टाका घातलाय, लाल-पिवळा, जुन्या पद्धतीचा. त्यांना आता दिसत नाही फारसं, तरी चार दिवस बसल्या. म्हणाल्या, तुझ्या मैत्रिणीच्या घरी आपली लाज नाही गेली पाहिजे. नाव सांगायचं झालं तर रुपीबाई असं सांग, त्यांना आवडेल.

इंद्रजीत चष्मा काढून हिंडायला लागला आहे.

बबिता


पुणे,
१४ जानेवारी २०१८

प्रिय बबिता,

तिळगूळ घे. फडकी मिळाली. काय सांगू, फारच सुंदर. रुपीबाईंना माझा नमस्कार.

प्रदर्शन १८ फेब्रुवारीला उघडेल. २५ तारखेला, रविवारी, फेसबुकवर माझ्याशी गप्पांचा लाईव्ह कार्यक्रम आहे. तुला लिंक पाठवेन, पण तुमच्याकडे नेट चालत नाही ना? नाही बघता आलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. फोटो मीच पाठवेन नंतर.

भैरवी


तांडा, ता. आर्णी,
२६ फेब्रुवारी २०१८

भैरवी,

नेट चालतं. आर्णीला उत्तम चालतं.

परवा आमच्या अंगणवाडी सेविकांची महिन्याची मीटिंग होती. पर्यवेक्षिका विजयमाला मॅडमनी मला पुढे बोलावलं आणि आपला फोन माझ्या हातात दिला. तुझं चौथं चित्र होतं. खाली पाटी. मी ती इतक्यांदा वाचली आहे की तोंडपाठ झाली: "विषारी फवारणीत पती गमावलेल्या बबिता या बंजारा विधवेने कमरेला बांधलेले वस्त्र. डाग अस्सल आहेत."

पस्तीस बायका होत्या हॉलमध्ये. सगळ्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मंगळसूत्र आहे की नाही.

आता पुढचं ऐक. तांड्यातल्याच कोणीतरी ही पाटी छापून ऑफिसात अर्ज दिला आहे की बबिता आडे हिने नवरा जिवंत असताना विधवा म्हणून पुण्याहून मदत उकळली, तेव्हा तिला सेविकेच्या जागेवरून काढावं. ज्याने दिला त्याची सून बारावी झालेली आहे आणि घरी बसून आहे, एवढंच सांगते. मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे हे मले मालूम हाय. पण कागदाले कागद पाहिजे. त्या चित्रवालीकडून लिहून आण, ३१ मार्चच्या आत." अकरा वर्षं मी ही अंगणवाडी चालवतेय. माझ्या हातची पोरं आता दहावीला आहेत.

घरी आले. लपवायचा विचार होता, पण इंद्रजीतला आधीच कोणीतरी फोनवर पाठवलं होतं. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. मग सासूबाईंना सांगावं लागलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा तांड्यातल्या बायांनी केसांतली सवाशिणीची घुगरी-टोपली कशी सोडून घेतली ते त्यांना आठवतंय. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या जिवंत पोरावर हे कोणं लिहिलं? काहून लिहिलं?" मग त्यांनी फोन मागितला आणि चित्र बोटांनी मोठं करून-करून आपला टाका शोधत बसल्या. तो कुठेच नव्हता. तू त्यावर रंग फासला आहेस.

काल रविवारी इंद्रजीत मोटारसायकल काढून आर्णीला गेला, तुझा लाईव्ह कार्यक्रम बघायला. बसस्टँडवर उभं राहून त्याने खाली लिहिलं: मी बबिताचा नवरा इंद्रजीत. मी जिवंत आहे. दोन मिनिटांत ते पुसलं गेलं. त्याने पुन्हा लिहिलं. मग त्याला लिहिताच येईना, तुम्ही त्याला बंद केलं होतं. तो तिथे उभा होता आणि पडद्यावर तू बोलत होतीस, की कापसाच्या देशातलं मौन तुला ऐकू येतं.

काय घडलं ते मला लिही. आणि मॅडमसाठी कागद दे.

बबिता


पुणे,
५ मार्च २०१८

प्रिय बबिता,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. तुझा संताप मी समजू शकते.

झालं असं की पाट्यांचा मजकूर साकेतने लिहिला. मी त्याला तुझी हकिगत सांगितली होती, दवाखान्यापर्यंतची. पुढचं त्याने गृहीत धरलं असावं. मूळ मजकूर इंग्रजीत होता, मराठी करताना आणखी घोळ झाला. उद्घाटनाच्या गर्दीत मी पाट्या वाचल्याच नाहीत. कॉमेंटचं म्हणशील तर ते मला माहीतही नाही, तिथे शेकडो लोक काय काय लिहीत असतात.

इंटरनेटवरची पाटी आम्ही बदलली आहे. छापलेली पुस्तिका आता बदलता येणार नाही. समजून घे, बबिता, इतक्या वर्षांनी लोक माझ्या चित्रापुढे थांबताहेत. दिल्लीच्या एका संग्रहालयाने ते चौथं चित्र मागितलं आहे. आत्ता मोठा गवगवा झाला तर सगळं हातचं जाईल. आणि एक लक्षात घे, या चित्रामुळे तुमच्याकडच्या परिस्थितीबद्दल निदान बोललं तरी जातंय.

मॅडमसाठी कागद सोबत जोडला आहे:

"प्रदर्शनातील एका चित्राच्या मजकुरात अनवधानाने काही संदिग्धता राहिली. सदर महिलेचे पती हयात असल्याचे समजते. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत."

एवढ्याने काम होईल ना?

तुझी,
भैरवी


तांडा, ता. आर्णी,
१२ मार्च २०१८

भैरवी,

तुझा कागद परत पाठवतेय. ऑफिसात दिला नाही, द्यायची लाज वाटली.

हयात असल्याचे समजते. कोणाकडून समजलं? मी तुला १२ ऑक्टोबरला लिहिलं की तो घरी आला. तू २ नोव्हेंबरला उत्तर दिलंस की बरं वाटलं. तुझी आई त्याला वरण-भात खाऊ घालून गेली. आणि तुला समजतं? माझ्याकडे तुझी सगळी पत्रं आहेत, भैरवी. मीही अकरा वर्षं सरकारी कागद लिहितेय. कोणीच काही केलं नाही असं दाखवायचं असतं तेव्हा कागद कसा लिहितात ते मला शिकवू नकोस.

आता त्या डागांचं. तुला खोटं तरी नीट बोलायचं होतं. फवारणी होते भाद्रपदात आणि वेचणी दिवाळीच्या पुढे. फवारणारा वेगळा, वेचणारी वेगळी. वेचणीच्या फडक्यावर औषधाचा डाग येईल कुठून? त्यावर माती असते, घाम असतो आणि अळीने खाल्लेल्या बोंडातल्या खराब कापसाची पिवळी कवडी असते. तीसुद्धा मी माझ्या हाताने धुतली. पाटीवर अस्सल म्हणून जे लिहिलंय ते पुण्यात तयार झालेलं आहे. ते कोणी केलं, साकेतने की तू?

मला चित्रातलं कळत नाही असं समजू नकोस. शाळेत तू कागदभर नुसता पांढरा आणि राखाडी फासायचीस आणि सगळ्या पोरी हसायच्या, तेव्हा मी हसत नव्हते. वखरलेल्या रानाकडे बघून जसं वाटतं तसं मला त्याच्याकडे बघून वाटायचं. तेव्हा खाली पाटी लावावी लागत नव्हती. आता तुझ्या चित्रासमोर लोक थांबत नाहीत असं तुला वाटलं, म्हणून तू खाली एक मेलेला माणूस ठेवलास. यवतमाळचा म्हटल्यावर कोणी शंकाही घेतली नाही. आमच्याकडच्या परिस्थितीबद्दल बोललं जातं म्हणतेस. बोलताना आम्ही मधे आलो तर बंद करता.

इंद्रजीतने तुझा कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाला, "याच्यात माहं नाव काहून नाही?" मी तुझी जुनी पत्रं काढून बघितली. एकाही पत्रात तू त्याचं नाव लिहिलेलं नाहीस. तुझे मिस्टर, सदर महिलेचे पती. तो पाच महिन्यांपूर्वी मरणाच्या दारातून परत आला आणि तुझ्या लेखी त्याला नावसुद्धा नाही.

मला दया नको, गवगवाही नको. काय झालं आणि कोणाला काय माहीत होतं, ते सरळ लिही. संग्रहालयाचं काय करायचं ते तुझं तू बघ. ते द्यायचं नसेल तर ३१ तारखेनंतर मला पत्र लिहू नकोस.

बबिता आडे


पुणे,
२० मार्च २०१८

श्री. इंद्रजीत देवीलाल आडे यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बबिताला नाही, तुम्हाला लिहिते आहे. ऑफिससाठीचा कागद सोबत आहे, स्टॅम्पपेपरवर, माझ्या सहीचा. त्यात लिहिलं आहे की तुम्ही जिवंत आहात हे मला ऑक्टोबरपासून माहीत होतं, बबिताने कोणाकडूनही काही घेतलं नाही, आणि पाटीवरचा मजकूर खोटा असल्याचं माहीत असून मी तो राहू दिला. तोच मजकूर आज दालनाच्या दारावर आणि इंटरनेटवर लावला. संग्रहालयाने दुपारी कळवलं की त्यांना चित्र नको. साकेतने प्रदर्शन आवरायला घेतलं आहे.

बबिताने काही विचारलं होतं, त्याची उत्तरं देते. फडकी आली ती पांढरीशुभ्र होती. मी चिडले होते. गंजाच्या पाण्याने आणि चहाने डाग मी पाडले, साकेतने नाही. रुपीबाईंचा टाका सुंदर होता. तो दिसला असता तर ते कापड कोणाच्या तरी जिव्हाळ्याचं वाटलं असतं, आणि मला तसं नको होतं, म्हणून मी तो झाकला. लाईव्ह कार्यक्रमात तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं होतं. साकेतने मला खूण करून विचारलं, हा कोण. मी म्हणाले, माहीत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी विचारलेली नाही. तुम्ही दवाखान्यात असल्याचं पत्र आलं तेव्हा मी खरंच घाबरले होते, आणि त्या भीतीतून मी ते मोठं चित्र सुरू केलं, तेच पाटीवालं चौथं. माझ्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं. मग बबिताचं दुसरं पत्र आलं की तुम्ही घरी आलात. ते वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला नाही. माझी निराशा झाली. चित्र अर्धं झालं होतं आणि आता त्याचं काय करायचं, असं माझ्या मनात आलं. क्षणभरच आलं, पण आलं. मी तुमचं नाव कधी लिहिलं नाही याचं कारणही तेच असावं.

क्षमा मागते. ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा.

भैरवी घाटे


तांडा, ता. आर्णी,
२ एप्रिल २०१८

भैरवी,

कागद २८ तारखेला ऑफिसात दिला. विजयमाला मॅडमनी तक्रार बंद केली. अंगणवाडी माझ्याकडेच आहे.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं, निराशेचंसुद्धा. माझं जे म्हणणं आहे ते मी नंतर कधी लिहीन, आज माझ्याने होत नाही. इंद्रजीत बाजेवर बसून सांगतोय आणि मी लिहितेय, त्याच्याच शब्दांत:

"ताई, पत्र भेटलं. याडीनं, माह्या मायनं, बी ऐकलं. ते ऐकून उठून गेली.

तुमी खरं लिवलं, म्हनून मी बी लिवतो. दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर एक गडी होता. घाटंजीकडचा. लोकाच्या वावरात फवारा माराले गेलता. आमाले दोघालेही दिसत नव्हतं, तं आमी नुसते बोलत राहो. त्याच्या पोरीचं लग्न जमलं होतं. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली, त्यानं ओ देल्ली नाही. तो गेला अन् मी राह्यलो, याच्यात माही काही हुशारी नाही.

तुमाले मेलेला मानूस पाहिजे होता, तं तो तिथंच होता. एक हात लांब. तुमी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. तुमी काहीच इचारलं नाही.

त्याचं नाव धर्मपाल होतं. त्याचं चित्र काढू नका. नाव तेवढं मालूम असू द्या."

खाली सही त्याची आहे.

इंद्रजीत देवीलाल आडे